काउंटर नसलेलं दुकान

औषधाचं दुकान कसं असावं, हे १९४५ च्या नियमांनी फार बारकाईने लिहून ठेवलं आहे. जागा किमान दहा चौरस मीटर. लस, इन्सुलिन असल्या मालासाठी फ्रीज. परवाना गिऱ्हाइकाच्या नजरेस पडेल असा लावलेला. नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर, आणि चिठ्ठीवरचं औषध त्याच्या हातून किंवा त्याच्या डोळ्यांदेखत जाणार. एकाच मालकाची दोन ठिकाणी दुकानं असतील तर परवानेही दोन. हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक काउंटर होतं. अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे फार्मासिस्ट, मध्ये डॉक्टरांची चिठ्ठी. पुढची कित्येक दशकं औषधविक्रीचे बहुतेक वाद त्या काउंटरभोवतीच झाले. महेश झगडे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचे, म्हणजे एफडीएचे, आयुक्त होते तेव्हा ‘फार्मासिस्ट नाही तर दुकान नाही’ एवढाच त्यांचा आग्रह होता, आणि तेवढ्यावरून केमिस्ट मंडळींची गोष्ट बंदपर्यंत गेली होती.

आता ते काउंटर उचलून फोनमध्ये गेलं आहे. चिठ्ठीचा फोटो पाठवायचा, पैसे यूपीआयने भरायचे, आणि दाराशी येणाऱ्या मुलाच्या हातून पाकीट घ्यायचं. त्या मुलाला पाकिटात काय आहे ते ठाऊक नसतं आणि ठाऊक असायचं कारणही नाही. खाण्याच्या बाबतीत तर काउंटर नावाला तरी होतं की नाही, हाच प्रश्न. चकली, पुरणपोळी, डबा, केक, मसाले हे सगळं आधी ओळखीतून विकलं जायचं. ओळख गेली, इन्स्टाग्राम आलं, आणि ज्या काकूंच्या हातची चव माहीत होती त्यांच्या जागी एक छानसा फोटो आला.

या दोन धंद्यांना एकाच पुस्तकात का बांधलं, याचं साधं कारण म्हणजे आपल्याकडे त्यांचं दारही एकच आहे. महाराष्ट्रात औषध आणि अन्न या दोन्हींवर अन्न व औषध प्रशासन हे एकच खातं नजर ठेवतं, गोव्यातही तसंच. पण आतल्या खोल्या वेगळ्या आहेत. औषध निरीक्षक वेगळा, अन्न सुरक्षा अधिकारी वेगळा, कायदे वेगळे आणि कायद्यांचे स्वभावही वेगळे. ऑनलाइन विक्रीपुरता तर फरक एवढा मोठा आहे की अन्नाच्या कायद्याने या नव्या विक्रेत्याला नाव देऊन नियम लावले, आणि औषधाच्या कायद्याने अजून त्याची नीट ओळखच करून घेतलेली नाही.

परवान्यांच्या कामात वावरणाऱ्याला रोज एकच प्रश्न ऐकू येतो. “साहेब, ऑनलाइन विकायचंय, कुठलं लायसन लागतं?” प्रश्न रास्त आहे आणि पुढच्या प्रकरणांत त्याचं उत्तर दिलंच आहे. पण त्याच्या आधी विक्रेत्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा असं मला वाटतं. या पाकिटाने उद्या कुणाला काही झालं, तर उत्तर द्यायला कोण उभं राहणार? मंच म्हणेल, आम्ही फक्त गाठ घालून देतो. कुरिअर म्हणेल, आम्ही फक्त पोचवतो. बनवणारा म्हणेल, माझ्याकडून निघाला तेव्हा माल चांगला होता. या तिघांपैकी उत्तर कुणाचं, हे ठरवण्यासाठीच यातला जवळजवळ प्रत्येक नियम लिहिला गेला आहे. नियम तसा वाचला तर फॉर्मचे रकाने आपोआप अर्थ सांगू लागतात.

औषधापासून सुरुवात करू, कारण गोंधळ तिथे जास्त आहे.

ऑनलाइन औषधविक्री कायदेशीर आहे का, याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं कलम १८ एवढंच सांगतं की परवान्याशिवाय विक्री नाही. मोडणाऱ्याला कलम २७ खाली तीन ते पाच वर्षांची कैद आहे. त्यात इंटरनेटला परवानगीही नाही आणि मनाईही नाही. ही पोकळी भरायला केंद्राने २८ ऑगस्ट २०१८ रोजी ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा काढला. केंद्रीय प्राधिकरणाकडे नोंदणी, पन्नास हजार रुपये शुल्क, तीन वर्षांची मुदत, गुंगीची आणि शेड्यूल एक्सची औषधं पूर्ण बाद, जाहिरातीला बंदी, रुग्णाची माहिती गुप्त आणि ती देशातच साठवायची. वाचायला बरा मसुदा होता. त्याच वर्षी १२ डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्याशिवाय चालणारी ऑनलाइन विक्री थांबवा म्हणून आदेश दिला. पाच दिवसांनी मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी नियम अधिसूचित होईपर्यंत बंदी घातली, आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथल्याच खंडपीठाने त्या बंदीला स्थगिती दिली. मसुद्याचे पक्के नियम काही झाले नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना कारणे दाखवा नोटिसा काढल्या. त्यानंतरही ॲप चालू आहेत, जाहिराती चालू आहेत, आणि घराघरांत त्यांची पाकिटं येत आहेत.

मग ही पाकिटं कुठल्या परवान्यावर येतात? कुठल्या तरी दुकानाच्या. फॉर्म २० आणि २१ वर मिळालेला, एका पत्त्यापुरता, एका फार्मासिस्टच्या नावासह दिलेला तोच जुना किरकोळ परवाना. ॲप कितीही चकचकीत असो, कायद्याच्या नजरेत विक्री त्या पत्त्यावरच्या दुकानातून होते. म्हणून ॲपशी जोडून घेणाऱ्या केमिस्टने एक गोष्ट लक्षात ठेवायची. बिलावर परवाना क्रमांक त्याचा आहे, त्यामुळे औषध निरीक्षक येईल तो त्याच्याच दारात. ऑर्डर कुणी घेतली, चिठ्ठी कुणी ‘अप्रूव्ह’ केली, सवलत कुणी दिली, हे त्या दिवशी कामाचं नसतं.

केमिस्टांच्या अखिल भारतीय संघटनेने या विक्रीविरुद्ध २०१५, २०१७ आणि २०१८ साली देशभर बंद पाळले. तिचं नेतृत्व बराच काळ महाराष्ट्राकडे, जगन्नाथ शिंदे यांच्याकडे राहिलं आहे. संघटनेचं म्हणणं असं, की ऑनलाइनवर चिठ्ठीची शहानिशा होत नाही. ते खरं आहे. पण गल्लीतल्या दुकानात ‘ती लाल-पांढरी कॅप्सूल द्या’ म्हटल्यावर चिठ्ठीची शहानिशा किती होते, हेही आपण सगळे जाणतो. दुसऱ्या बाजूला कंपन्या सोय आणि सवलत यांच्याबद्दल भरभरून बोलतात, पण चिठ्ठी तपासणाऱ्या फार्मासिस्टसमोर तासाला किती फोटो येतात याविषयी गप्प असतात. या भांडणात रुग्णाचं नाव दोघेही घेतात. मला दोघांचंही अर्धंच पटतं.

चिठ्ठीचा मुद्दा जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण नियमाची अडचण नेमकी कुठे होते ते तिथे दिसतं. नियम ६५ म्हणतो की चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरांची सही आणि तारीख हवी, रुग्णाचं नाव-पत्ता हवा, औषधाचं एकूण प्रमाण आणि डोस हवा. डॉक्टरांनी पुन्हा द्या असं लिहिलं नसेल तर ती चिठ्ठी एकदाच चालते. आणि औषध दिल्यावर डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि दिल्याची तारीख नोंदवायची. जुने केमिस्ट चिठ्ठीवर रबरी शिक्का मारायचे तो याचसाठी. पुढच्या दुकानदाराला कळावं, की हा माणूस औषध घेऊन गेलेला आहे.

आता व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर शिक्का कुठे मारणार? मूळ कागद रुग्णाच्या घरी, कोरा. तोच फोटो सकाळी एका ॲपला, दुपारी दुसऱ्याला आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानाला पाठवला, तरी तिघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. झोपेच्या गोळ्या, खोकल्याची कोडीनवाली औषधं, जपून द्यायची अँटिबायोटिक्स यांच्या बाबतीत ही फट केवढी मोठी आहे ते सांगायला नको. फोटोत तारखेवर अंगठा आलेला असतो, किंवा डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक कडेला कापलेला असतो. कधी चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची निघते. काउंटरवरच्या अनुभवी माणसाने ती उजेडात धरून पाहिली असती. पडद्यावर मात्र बोट सरकवलं की झालं. त्यातही शेड्यूल एच-१ ची औषधं असतील तर वेगळी वही आलीच. तिसऱ्या-चौथ्या पिढीची अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं आणि सवय लावणारी काही औषधं १ मार्च २०१४ पासून या यादीत आहेत. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, हे सगळं लिहून ती वही तीन वर्षं जपायची. विक्री दुकानातून झाली की फोनवरून, वहीला फरक पडत नाही. व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेणाऱ्या दुकानांत मात्र सगळ्यात आधी हीच वही मागे पडते.

करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत सरकारने या अडचणीवर एक तोडगा काढला होता, आणि तो आजही अभ्यासण्याजोगा आहे. २६ मार्च २०२० च्या अधिसूचनेने परवानाधारक दुकानांना औषध घरपोच द्यायची मुभा दिली. पण मर्यादा घालून. चिठ्ठी ई-मेलने चालेल, मात्र माल त्याच महसुली जिल्ह्यात द्यायचा. जुनाट आजाराची चिठ्ठी तीस दिवसांच्या आतली, तात्पुरत्या आजाराची सात दिवसांच्या आतली. एच-१, एक्स आणि गुंगीची औषधं नाहीत. घाईत काढलेल्या या दोन पानांत २०१८ च्या मसुद्यापेक्षा जास्त व्यवहारज्ञान आहे असं मला वाटतं. जिल्ह्याची सीमा आखल्याने विकणारा आणि घेणारा एकाच निरीक्षकाच्या टप्प्यात राहिले. आदल्याच दिवशी, २५ मार्चला, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांनी डॉक्टरांना फोनवरून काय लिहून देता येईल आणि काय मुळीच देता येणार नाही याच्या याद्या करून दिल्या. हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले तर ऑनलाइन औषधविक्रीचा एक चालण्याजोगा आराखडा दिसू लागतो.

बिलावरच्या बॅच नंबरबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. शेड्यूल एचचं औषध देताना नोंदीत उत्पादकाचं नाव, बॅच नंबर आणि एक्सपायरी असलीच पाहिजे, ही अट बहुतेकांना कारकुनी वाटते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरॉल दिल्याने चौदा रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं. ते ग्लिसरॉल रुग्णालयाच्या आत आलं कसं, हे न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने कागदाला कागद जोडून शोधून काढलं. जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ च्या पावसाळ्याच्या शेवटी, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागातली लहान मुलं खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. तामिळनाडूत बनलेल्या त्या औषधात पुन्हा तेच डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं, ४८.६ टक्के. एसआर-१३ या बॅचचं औषध कुणाकडे असेल तर ते वापरू नका, अशी सूचना महाराष्ट्राच्या एफडीएने काढली.

आता असं समजा, त्या आठवड्यात एका आईच्या घरात ती बाटली अर्धी उरलेली आहे. तिने ती गल्लीतल्या दुकानातून बिलाशिवाय घेतली असेल तर दुकानदाराला ती कोण हे माहीत नाही. तिने ती ॲपवरून घेतली असेल, तर ॲपला तिचं नाव, पत्ता, फोन आणि बाटली किती वाजता पोचली हेसुद्धा माहीत आहे. फक्त बॅच नंबर त्या ऑर्डरला जोडलेला हवा. तो जोडला असेल तर तासाभरात तिला फोन करता येतो, आणि हे काम कुठल्याही काउंटरला जमलं नसतं. ऑनलाइन विक्रीच्या बाजूचा माझ्या मते हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि कंपन्या सवलतीच्या जाहिरातींत तो कधीच मांडत नाहीत. ऑगस्ट २०२३ पासून तीनशे मोठ्या ब्रँडांच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. तेव्हा यंत्राला बॅच वाचता येत नाही, ही सबब या औषधांपुरती तरी उरलेली नाही.

औषध आणि अन्न यांच्या मधला पट्टाही इथे सांगायला हवा. दुकानात औषधाचं कपाट वेगळं आणि बिस्किटांचा रॅक वेगळा असतो, पण ॲपच्या एकाच पानावर ताकदीच्या गोळ्या, च्यवनप्राश, प्रोटीन पावडर, जेलीसारखी व्हिटॅमिनं आणि ओआरएस शेजारी शेजारी नांदतात. यांपैकी काहींना औषधाचा परवाना लागतो, काही अन्नाच्या कायद्याखाली येतात. आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, पण किरकोळ विकायला लागत नाही. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं, आणि ॲपवरचं वर्णन मात्र ‘सांधेदुखीवर गुणकारी’ असं असतं. असं वर्णन लिहिणाऱ्याने १९५४ चा जादूटोणासदृश उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा एकदा उघडून पाहावा. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा अशा आजारांची लांबलचक यादीच तिथे आहे, आणि त्यांच्यावर औषध असल्याची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. उत्पादन खरं की खोटं, हा प्रश्न नंतरचा.

ओआरएसची गोष्ट तर ताजी आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र ठरलेलं आहे, लिटरभर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ आणि बाकीचे क्षार. बाजारात मात्र याहून कितीतरी गोड पेयं नावात ‘ओआरएस’ घालून अन्न म्हणून विकली जात होती. जुलाब लागलेल्या मुलाला हे पाजलं तर पाणी भरून येण्याऐवजी आणखी जातं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं हा विषय लावून धरला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, अशा पेयांच्या नावातून ओआरएस काढायला लावलं आणि पुढच्या महिन्यात ऑनलाइन मंचांवरूनही ती हटवायला सांगितली. त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये दूध, धान्य, माल्टच्या पावडरींना ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली दाखवू नका असंही या प्राधिकरणाने ई-कॉमर्सवाल्यांना सांगितलं होतं. मला यात लक्षणीय वाटतं ते असं, की वस्तू कुठल्या सदरात टाकली, हा ॲपवाल्याचा निर्णयसुद्धा आता तपासला जातो. दुकानात रॅक बदलला म्हणून कुणी नोटीस काढत नसे.

अन्नाकडे वळताना थोडा सुस्कारा टाकता येतो, कारण इथे पायवाट आखलेली आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अन्नव्यवसायाची व्याख्या करताना नफ्यासाठी असो वा नसो, असे शब्द आहेत. त्यामुळे ‘मी आवडीने करते, धंदा नाही’ हे म्हणणं घरच्यांपुढे चालेल, कायद्यापुढे नाही. २०११ च्या विनियमांनी वार्षिक उलाढालीची रेषा आखली. त्या मूळ रेषेप्रमाणे बारा लाखांपर्यंत साधी नोंदणी, वर्षाला शंभर रुपये. त्याच्या वर राज्याचा परवाना. मोठ्या उद्योगांना आणि ऑनलाइन मंच चालवणाऱ्यांना केंद्राचा. घरून चिवडा-लाडू विकणारी बहुतेक मंडळी पहिल्याच पायरीवर बसतात. शंभर रुपयांच्या या कामासाठी एजंटाला हजारो रुपये मोजणारेही मी पाहिले आहेत. अर्ज एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर स्वतः भरता येतो.

मिळतो तो चौदा अंकी क्रमांक. तो वाचता येतो हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. पहिला अंक एक असेल तर परवाना, दोन असेल तर नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे पंधरा. त्यापुढचे दोन वर्षाचे. पाकिटावर २१५ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर माल महाराष्ट्रातल्या नोंदणीधारकाचा. हा क्रमांक दुसऱ्याचा उसना घेऊन छापणारे आहेत, आणि पोर्टलवर तपासला की पकडले जातात. उसना क्रमांक देणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं, की पाकिटाची जबाबदारीही त्याने त्याच वेळी उसनी घेतली.

मंचांनी सुरुवातीला हे क्रमांक मागायचे कष्ट घेतले नाहीत. २०१८ मध्ये एफएसएसएआयने दट्ट्या लावला तेव्हा जेवण पोचवणाऱ्या मंचांना दहा हजारांहून जास्त खानावळी आणि हॉटेलं यादीतून काढावी लागली. आता क्रमांकाशिवाय मंच दारातच उभं करत नाही, पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी विचारत नाही. म्हणून हे पुस्तक ग्रुपवर विकणाऱ्यांसाठी जास्त लिहिलं आहे.

लेबलाचं प्रकरण लांब आहे, इथे फक्त दिवाळीची एक पिशवी घेऊ. भाजक्या पोह्यांचा चिवडा, अडीचशे ग्रॅम. त्यावर पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, एमआरपी, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावा ती तारीख, बॅच, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, चौदा अंक आणि हिरवा ठिपका. मांसाहारी असेल तर २०२० च्या विनियमांपासून तपकिरी त्रिकोण. आणि शेंगदाणे आहेत हे वेगळं, ठळक लिहायचं. चिवड्यात शेंगदाणे असतात हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही. पण पाकीट बंगळुरूच्या कुठल्या ऑफिसात फुटेल, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं कोण त्यातला मूठभर घेईल, हे बनवणारीला कुठे माहीत असतं? शंकरपाळ्यांतला गहू, लाडवातलं तूप यांनाही तोच न्याय. वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता ही माहिती विक्रीच्या पानावरही दिसली पाहिजे, असं वैधमापनाचे नियम जानेवारी २०१८ पासून सांगतात.

मुदतीचा नियम खास ऑनलाइनसाठी आहे. दुकानात उद्या मुदत संपणारा ब्रेड घ्यायचा की नाही, हे गिऱ्हाईक पाहून ठरवतं. ॲपवर ते दिसत नाही, म्हणून घरी पोचताना मालाची किमान तीस टक्के मुदत किंवा पंचेचाळीस दिवस शिल्लक असावेत असं २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत आलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बोलावून पंचेचाळीस दिवसांचा दंडक पुन्हा ऐकवण्यात आला. तीस टक्क्यांच्या हिशेबाने साठ दिवस टिकणारी चकली बेचाळिसाव्या दिवसानंतर कुणाच्या दारी जाता कामा नये. हे पाळायचं तर गोदामात माल मुदतीप्रमाणे लावावा लागतो, आणि घोडं तिथेच पेंड खातं. दहा मिनिटांत माल पोचवणाऱ्या सेवेच्या धारावीतल्या एका गोदामाचा परवाना २०२५ मध्ये एफडीएने निलंबित केला, तेव्हा बुरशी, साचलेलं पाणी, शीतकपाटाचं तापमान आणि मुदत संपलेला माल वेगळा न ठेवणं, असे दोष नोंदले होते. गिऱ्हाइकाला दिसणारं दुकान फोनमध्ये लखलखीत होतं. त्याची प्रत्यक्षातली मागची खोली निरीक्षक आत शिरला तेव्हाच दिसली.

ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांवर वेगळं प्रकरण आहे. तक्रार अधिकारी नेमायचा, तक्रार मिळाल्याचं अठ्ठेचाळीस तासांत कळवायचं आणि महिन्याभरात निकाली काढायची, एवढं इथे पुरे. चिठ्ठ्यांचे फोटो साठवणाऱ्यांनी वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदाही वाचावा. रुग्णाच्या आजाराची यादी दुकानाच्या मुलाच्या स्वतःच्या फोनमध्ये पडून राहणं, ही आजची सर्रास पद्धत मला फार धोक्याची वाटते.

परदेशी फराळ पाठवणाऱ्यांचे प्रश्न प्रत्येक गणपतीनंतर सुरू होतात. अमेरिकेपुरतं थोडक्यात सांगायचं, तर आईने स्वतःच्या घरी केलेले लाडू मुलाला वैयक्तिक भेट म्हणून पाठवले, तर तिथल्या एफडीएला आगाऊ सूचना द्यावी लागत नाही. तेच लाडू विकत घेऊन पाठवले, किंवा विक्रेत्याने पाठवले, तर ती सूचना लागते. घरगुती फराळ म्हणून जाहिरात करणारे व्यवसाय या सवलतीत बसत नाहीत, आणि कुरिअरवाला फॉर्मवर काय लिहितो यावर नजर ठेवणं पाठवणाऱ्याचंच काम.

पुस्तकाची रचना सरळ आहे. पहिला भाग केमिस्टांसाठी, दुसरा घरून किंवा लहान कारखान्यातून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसाठी, तिसरा मंच चालवू पाहणाऱ्यांसाठी. ज्याने त्याने आपापला भाग वाचावा, पण तिसऱ्यातलं करारांचं प्रकरण पहिल्या दोन्ही गटांनी वाचावं, कारण मंचाशी होणाऱ्या करारात जबाबदारी कुणाची हे लिहिलेलं कलम बहुतेक शेवटच्या पानांवर असतं. जनावरांची औषधं, वैद्यकीय उपकरणं आणि मद्य हे विषय घेतलेले नाहीत. शुल्कं आणि उलाढालीच्या मर्यादा बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवरचा आकडा पाहावा. मसुदे आणि अधिसूचना यांच्या तारखा मात्र प्रत्येक ठिकाणी दिल्या आहेत, कारण निरीक्षकापुढे बोलताना ‘नवीन नियम आलाय म्हणे’ हे वाक्य कुणाच्याच उपयोगी पडत नाही.